एसपीडी लावूनही वस्तू जळतात, पावसात आरसीसीबी पडते: आमच्या घरातला चार वर्षांचा घोळ आणि शेवटी काय निघालं

आधी दोन नावं: एसपीडी म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका (सर्ज) जमिनीत सोडून देणारं उपकरण, आणि आरसीसीबी म्हणजे करंट कुठे जमिनीत गळला की लाईट तोडणारा स्विच. आता लक्षणं सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडे सेम आहे त्यांना लगेच ओळखू येईल. घर गोव्यात साखळी गावाजवळ, जुनं कौलारू, मागच्या बाजूला नवीन स्लॅबच्या दोन खोल्या, चारी बाजूंनी माड, आणि लाईन खांबावरून उघड्यावरून येते. थ्री फेज कनेक्शन आहे, बोअरचा पंप आणि दोन एसी आले तेव्हा घेतलेलं. तर दरवर्षी मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की एक वस्तू जाणार, आणि ऑक्टोबरात पाऊस परत फिरतो तेव्हा दुसरी. एका वर्षी फ्रीजचं पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड), मग राऊटर, मग वॉशिंग मशीन, मग फ्रीजचं पीसीबी परत. आणि जून ते सप्टेंबर आरसीसीबी कधीही पडणार, रात्री दोनला सुद्धा. एकदा आम्ही सगळे दोन दिवस बाहेरगावी आणि ती पडलेली, परत आलो तर फ्रीजरमधले बांगडे... जाऊदे, तो वास चवथीपर्यंत गेला नव्हता.

मी वेर्ण्याला एका फॅक्टरीत मेंटेनन्सला आहे, म्हणजे पॅनल वगैरे रोज बघतो, पण घरच्या वायरिंगकडे कधी डोळे उघडून बघितलं नव्हतं हे कबूल करतो. वायरमनला बोलावलं, त्याने सांगितलं सर्ज येतोय, एसपीडी लाव. लावली. पुढच्या मेमध्ये टीव्ही गेला. एसपीडीची खिडकी मस्त हिरवी, टीव्ही काळा.

तेव्हापासून मी ह्याच्या मागे लागलो आणि कळलं की आम्ही ज्याला एक रोग समजत होतो ते तीन वेगळे रोग होते, आणि एसपीडी त्यातल्या एकावरच औषध आहे, ते पण नीट लावली तर.

पहिला रोग मला चुकून सापडला. जानेवारीतली दुपार, आकाशात ढग औषधाला नाही, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली की मिक्सर वेड्यासारखा फिरतोय. मी हॉलमध्ये, तिथला पंखा उलट मंद झालेला. म्हणजे एकाच घरात एका खोलीत जास्त, दुसऱ्या खोलीत कमी. मल्टिमीटर आणला आणि पडवीतल्या मेन स्विचला तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजले: १७१, २६२, २७०. फेज ते फेज मोजलं तर तिन्हीकडे ४०० च्या आसपास, एकदम बरोबर. इथेच उत्तर आहे. फेज-फेज ठीक आणि फेज-न्यूट्रल विस्कटलेलं, म्हणजे वरून येणारं व्होल्टेज चांगलं आहे, न्यूट्रल हलतोय. न्यूट्रल पूर्ण सुटला तर ज्या फेजवर लोड कमी त्या फेजवरच्या वस्तूंना २३० ऐवजी साडेतीनशेच्या वर सुद्धा मिळू शकतात. सिंगल फेजवाल्यांनी पण खूश होऊ नये, तुमचा न्यूट्रल घरात सुटला तर लाईट फक्त जाते, पण खांबावर सामाईक न्यूट्रल तुटला, म्हणजे झावळी पडून वगैरे, तर शेजाऱ्यांच्या लोडमधून तुमच्याकडे हेच होणार.

मेन खाली केला आणि तो जुना लोखंडी पेटीचा मेन स्विच उघडला, किटकॅट फ्यूजवाला. एक लक्षात ठेवा, मेन खाली पाडला तरी मीटरकडून येणारी वरची टोकं जिवंतच असतात, तिथे हात नाही. आत न्यूट्रल लिंकच्या स्क्रूखाली ॲल्युमिनियमची वायर, तिच्यावर पांढरट-करडी भुकटी, आजूबाजूचं बेकेलाइट भाजलेल्या पापडासारखं तपकिरी झालेलं. स्क्रूड्रायव्हर लावला तर स्क्रू पाऊण आटा फिरला, म्हणजे इतका सैल. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, गरम-थंड होऊन ढिलं पडतं, त्यात आपल्याकडची दमट हवा, की वरून ऑक्साइडचा थर. लोड वाढला, पंप चालू झाला की तिथे गरम होऊन संपर्क सुटायचा, परत जुळायचा. आमच्या अर्ध्या वस्तू विजेने नाही, ह्या एका स्क्रूने मारल्या असणार.

आणि इथे एसपीडी काही करत नाही. हे खूप लोकांना माहीत नसतं, मला पण नव्हतं. सर्ज म्हणजे मायक्रोसेकंदांचा खेळ, हजारो व्होल्ट येतात आणि जातात. एसपीडीच्या आत जे एमओव्ही असतं ते तेवढ्याच वेळासाठी रस्ता उघडून देतं. न्यूट्रल सुटून मिनिटभर ३५० व्होल्ट राहिले तर ते एसपीडीला अडवता येत नाहीत, उलट तीच तापते, आणि स्वस्तातली असेल, आत थर्मल डिस्कनेक्टर (तापली की तिला तोडणारा) नसेल, तर पेटते सुद्धा. ह्याच्यावर इलाज वेगळा: न्यूट्रलचे जोड दुरुस्त करणं, आणि वर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, जो जास्त दिसलं की कॉन्टॅक्टर पाडतो.

आता दुसरा रोग, पावसात पडणारी आरसीसीबी. आमच्याकडे सगळ्या घराला मिळून एकच चार पोलची ३० मिलिअँपिअरची. घरात अजून सगळे तिला ईएलसीबीच म्हणतात. ३० लिहिलेलं असलं तरी ती १५ च्या पुढे कुठेही पडू शकते, नियमात तसंच आहे. आता प्रत्येक वॉशिंग मशीन, एसी, कॉम्प्युटरच्या फिल्टरमधून थोडं थोडं लीकेज नेहमीच जात असतं, सगळं एकाच आरसीसीबीवर टाकलं की पाच-सात मिलिअँपिअर कोरड्या दिवशी पण वाहताहेत, मग पावसात बोअरच्या केबलचा जॉइंट थोडा भिजला, बाहेरचा एक होल्डर भिजला, की गेली.

शोधताना आम्ही जी चूक वर्षभर करत होतो ती सांगतो. आरसीसीबी पडली की सगळ्या एमसीबी (एकेका सर्किटचे, ओव्हरलोडला पडणारे छोटे स्विच) खाली करायच्या, आरसीसीबी वर करायची, मग एकेक एमसीबी वर. पद्धत बरोबर आहे, पण आमच्याकडे सगळ्या एमसीबी खाली असतानाही ती कधीकधी पडायची, मग निष्कर्ष काय, तर आरसीसीबी खराब. दोनदा बदलली! खरं कारण असं की साधी सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले असतील तर एमसीबी खाली असली तरी दुसऱ्या कुठल्या लोडचा न्यूट्रल करंट तिकडून जमिनीत पळतो, आणि सगळं बंद असतानाही सप्लायच्या न्यूट्रलवर जमिनीच्या मानाने दोन-चार व्होल्ट असतातच, ते पुरतात. तेव्हा मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या वायर एकेक काढा आणि प्रत्येकीचं अर्थशी इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासा. मेगर लावण्याआधी त्या सर्किटवरची उपकरणं प्लगमधून काढा, ५०० व्होल्ट टोचतो तो, पीसीबीला आवडत नाही. आमच्याकडे अकरा न्यूट्रलपैकी दहा चांगले आणि एक जवळजवळ शून्य. वायरच्या मागे मागे गेलो तर तुळशी वृंदावनाच्या बाजूला लावलेला गार्डन लाईट, खाली जोड नुसती टेप मारून मातीत पुरलेला. तुळशीच्या लग्नाला घाईत कुणी लावला होता ते मी सांगणार नाही, कारण तो मीच.

इन्व्हर्टरचा पण एक किस्सा आहे तो पटकन सांगतो. इन्व्हर्टरवरच्या पंख्या-दिव्यांचे न्यूट्रल बाकीच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेले असले आणि पुढे कधी तुम्ही आरसीसीबी वेगवेगळ्या केल्या, तर एका आरसीसीबीतून फेज जातो आणि दुसरीतून न्यूट्रल परत येतो, मग दोन्ही नाचतात. इन्व्हर्टर ज्या आरसीसीबीच्या खाली, त्याच्या लोडचे न्यूट्रल पण तिच्याच खाली, वेगळ्या बारवर. जुन्या घरात हे वेगळं करणं म्हणजे डोकेदुखी, आमचा एक अख्खा रविवार ह्यातच गेला.

तिसरा रोग खरा सर्ज, विजेचा. गडगडाटाच्या वेळी राऊटर आणि टीव्ही गेले ते ह्यातले. तर मग एसपीडी असून का गेले? पेटी उघडून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. एक तर ती आरसीसीबीच्या नंतर जोडलेली, म्हणजे सर्ज जमिनीत जाताना आरसीसीबीतूनच जाणार आणि तिला पाडणार. दुसरं, एसपीडीपासून अर्थ बारपर्यंतची हिरवी वायर जवळजवळ मीटरभर लांब, छान गुंडाळून टाय मारलेली, दिसायला एकदम टापटीप. आणि वरून फेजकडून येणारी अजून अर्धा मीटर. सर्जला वायरची लांबी परवडत नाही. करंट इतक्या वेगाने चढतो की वायरच्या इंडक्टन्समुळे साधारण एका मीटरला हजार व्होल्ट पडतात. एसपीडीवर लिहिलेलं होतं दीड किलोव्होल्ट, म्हणजे तेवढं ती पुढे जाऊ देते, त्यात ह्या दीड मीटरचे दीड, झाले तीन. घरगुती उपकरणं साधारण अडीच किलोव्होल्ट सोसतील अशी धरलेली असतात, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स दीडच. म्हणजे एसपीडीने तिचं काम चोख केलं आणि टीव्ही पण गेला, दोघांची चूक नाही. दोन्ही बाजूच्या वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या, आणि गुंडाळी तर मुळीच नाही.

पण सगळ्यात भारी पुढे आहे. अर्थ बारवरून जी वायर खाली जाते ती कुठे जाते बघायला गेलो. भिंतीतून बाहेर, न्हाणीच्या मागे, आणि तिथे जीआय पाण्याच्या पाइपला क्लॅम्प. आजोबांच्या वेळी तो पाइप विहिरीपर्यंत लोखंडीच होता, म्हणजे अर्थिंग बऱ्यापैकी होतं. मग काही वर्षांपूर्वी प्लंबिंग बदललं, सगळं पीव्हीसी. प्लंबरने भिंतीतला हातभर लोखंडी तुकडा तसाच ठेवला कारण त्याला क्लॅम्प दिसला, बिचाऱ्याने चांगल्या मनाने ठेवला. तर आमच्या अख्ख्या घराचं अर्थिंग म्हणजे चिऱ्याच्या भिंतीत अडकलेला हातभर पाइप. एसपीडीने सर्ज पाठवायचा कुठे, न्हाणीत?

कुणी विचारेल की इतकी वर्षं कळलं कसं नाही. कारण प्रत्येक वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायचा, बल्ब पेटायचा, अर्थिंग ओके. पाइप लोखंडी होता तेव्हाची ही टेस्ट सगळ्यांच्या डोक्यात बसलेली, पीव्हीसी झाल्यावर कुणी परत केलीच नव्हती. आणि ती टेस्टच मुळात भरवशाची नाही: १०० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स पेटल्यावर सुमारे ५३० ओहम, अर्थिंग ४० ओहमचं टाकाऊ असलं तरी बल्बला २१४ व्होल्टच्या जवळपास मिळतात आणि तो झकास पेटतो. शिवाय ही टेस्ट करताना अर्थ तुटलेलं असेल तर घरातल्या सगळ्या मशीनच्या बॉडीवर करंट येतो ते वेगळंच. करू नका. अर्थ टेस्टर मिळतो, जमिनीत दोन खुंट्या ठोकून मोजायचं, वायरमनकडे नसेल तर भाड्याने आणायला सांगा.

मग पूर्ण काम काढलं. लायसन्सवाला वायरमन धरला, मीटरचं सील वीज खात्याचं असतं त्याला आपण हात लावायचा नाही, मीटरच्या पुढचं सगळं नवीन. काम चैत्रात, कारण मेमध्ये वायरमन मिळत नाही आणि पावसात खड्डा खणता येत नाही.

आधी अर्थिंग. आमच्याकडे वर फूट-दीड फूट माती आणि खाली चिराच, पहारीला ठिणग्या. जांभा दगड वरून पाणी पितो आणि उन्हाळ्यात कोरडा ठक्क, म्हणून त्यात अर्थिंग कधीच सहज चांगलं मिळत नाही. परसातल्या सांडपाण्याच्या आळ्याजवळ, केळींच्या बाजूला, ड्रिल मारून तीन मीटरचे कॉपर बाँडेड रॉड दोन, एकमेकांपासून तीन मीटरपेक्षा जास्त लांब, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून, दोन्ही तांब्याने जोडलेले. एक रॉड झाल्यावर मोजलं तर १९ ओहम, दोन्ही जोडल्यावर ११. मीठ-कोळसा जुना उपाय आहे, चालतो, पण पावसात मीठ वाहून जातं आणि लोखंड खातं, म्हणून मी नको म्हटलं. वायरमन म्हणत होता एसपीडीला वेगळा खड्डा करू, 'इलेक्ट्रॉनिक अर्थ'. ते मात्र ऐकू नका. दोन वेगळे अर्थ ठेवले की वीज पडल्यावर दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो फरक तुमच्या टीव्हीतून जातो. खड्डे कितीही असोत, सगळे एका बारला बांधलेले पाहिजेत.

डीबी, म्हणजे एमसीबी-आरसीसीबींची पेटी, पडवीतून आत आणला. जुन्या पेटीत मुंग्यांचं वारूळ होतं आणि बसबारवर पालीचा सांगाडा, फोटो आईला दाखवला नाही. नवीन पेटी पर फेज आयसोलेशनवाली, म्हणजे प्रत्येक फेजला स्वतःची दोन पोलची आरसीसीबी आणि स्वतःचा न्यूट्रल बार. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात; आता आर फेजची पडली तर फ्रीज चालू राहतो कारण तो बी वर आहे. आरसीसीबी 'टाइप एसी' च्या ऐवजी 'टाइप ए' घेतल्या, इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशीनचा लीकेज साधा साइन वेव्ह नसतो, टाइप एसीला तो नीट दिसत नाही. बाहेरचे दिवे वेगळ्या आरसीबीओवर (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच), आता तुळशीकडे पाणी गेलं तर फक्त तुळशीकडे अंधार. पंपाला सी कर्व्हची एमसीबी (सुरू होतानाचा जास्त करंट सोसणारी), दिव्यांना बी कर्व्हची. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही हे पण लक्षात असूद्या, तिच्याबरोबर एमसीबी लागतेच.

एसपीडी इनकमरच्या (पेटीतल्या मुख्य स्विचच्या) लगेच नंतर, आरसीसीबींच्या आधी. आपल्याकडे घराचं अर्थ घराचंच असतं, टीटी पद्धत, त्यामुळे तीन अधिक एकवाली घ्यायची: तिन्ही फेजपासून न्यूट्रलला एमओव्ही आणि न्यूट्रलपासून अर्थला स्पार्क गॅप. फेजपासून सरळ अर्थला एमओव्ही असलेली घेतली आणि ती आतून शॉर्ट झाली, तर ११ ओहमच्या अर्थमधून जेमतेम २१ अँपिअर वाहणार, तेवढ्याला मागची ३२ ची एमसीबी पडणार नाही, आणि ती तापत बसणार. आमची लाईन उघड्या तारांची आहे म्हणून टाइप १+२ (विजेचा मोठा करंट सुद्धा झेलणारी) घेतली, फ्लॅटवाल्यांना जमिनीखालून केबल येत असेल तर सहसा टाइप २ पुरते. मागची बॅकअप एमसीबी किंवा फ्यूज किती अँपिअरचा ते एसपीडीच्या कागदावर लिहिलेलं असतं, तोच. अर्थ वायर १६ चौरस मिलीमीटर तांब्याची, सरळ, आखूड. ही वायर आखूड बसावी म्हणून अर्थ बारची जागा बदलायला लावली तेव्हा वायरमन माझ्याकडे असं बघत होता की फॅक्टरीतला शहाणा आलाय. पेटीतला बार एसपीडीच्या बरोबर खाली आणला, वायर एक वितीची झाली.

त्याच्याही आधी व्होल्टेज प्रोटेक्टर, २७० च्या वर आणि १८० च्या खाली तोडतो, परत जोडायला तीन मिनिटं घेतो कारण फ्रीजच्या कॉम्प्रेसरला तेवढी उसंत हवी. आणि न्यूट्रलला ॲल्युमिनियम-तांबं जोडायचे बायमेटल लग, क्रिंप करून. एवढुसा लग, पण ह्या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा म्हणाल तर मी हाच म्हणेन. तीन महिन्यांनी मेन पाडून सगळे स्क्रू परत एकदा आवळले, दोन तर थोडे फिरले सुद्धा.

निकाल: त्यानंतर दोन पावसाळे गेले. आरसीसीबी एकदा पडली, गीझरच्या कॉइलमुळे, म्हणजे बरोबर पडली. व्होल्टेज प्रोटेक्टर एकदा पडला, झावळी तारांवर आल्यावर, लाईनमनने तास-दोन तासांत काढली. गेल्या ऑक्टोबरात संध्याकाळी जवळच वीज पडली, खिडक्या हादरल्या, सकाळी बघतो तर वाय फेजच्या एसपीडीची खिडकी लाल. नुसतं कार्ट्रिज ओढून नवीन घातलं, बाकी सगळं जिवंत. सगळं म्हणजे, सेट टॉप बॉक्स सोडून. तो गेला. डिश कौलांच्या वर लोखंडी पाइपवर, तिची केबल छपरावरून सरळ टीव्हीमागे, डीबीचा आणि तिचा संबंधच नाही, तिथून आत आला. डिशचा पाइप घराच्या अर्थ बारला बांधायचा आणि केबलला कोअॅक्सवाली एसपीडी बसवायची हे काम राहिलंय, कौलांवर चढायला माणूस मिळत नाहीये. तोपर्यंत ढग गुरगुरला की आई जाऊन टीव्हीमागची केबल आणि प्लग दोन्ही काढते, आणि मी काही बोलत नाही.